गादी कोणाची?

मुलांनो, सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले गाव. गावाच्या उत्तरेला सातपुडा पर्वत उभा आहे. हा पर्वत डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे जात राहिले, की अकोला जिल्हा लागतो. तिथे अकोट गावाच्या उत्तरेला, डोंगरावर, नरनाळ्याचा प्रचंड किल्ला आहे. या किल्ल्याचा महाकाली दरवाजा फार सुंदर आहे. तो १४८७ च्या सुमारास फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने बांधला. दरवाजावर दगडात अक्षरे कोरलेली आहेत. ती तुमच्या ओळखीच्या लिपीतली आहेत. पण इतकी वळणदार आहेत, की एका दमात वाचून दाखवीन असे कोणी म्हणू नये!

या फत्तेउल्लाने १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतःचे राज्य स्थापन केले. तीच वऱ्हाडची इमादशाही. तिची राजधानी अचलपूर. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी या घराण्यातील दर्या इमादशाह मरण पावला. त्याचा मुलगा बुऱ्हाण इमादशाह तेव्हा अगदी लहान होता. तो गादीवर बसला, पण कारभार होता तुफालखान नावाच्या सरदाराच्या हाती. थोड्याच दिवसांत तुफालखानाला वाटू लागले, की कारभार मी करतो, फौज माझी आहे, मग गादीवर मीच का बसू नये? त्याने त्या लहान राजाला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून ठेवले. राज्य ज्याचे, तोच आपल्या राज्यातल्या किल्ल्यात कैदी झाला!

ही बातमी शेजारच्या अहमदनगरच्या दरबारी पोचली. (अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) तिथे मुर्तझा निजामशाह राज्य करीत होता. त्याने तुफालखानाला निरोप पाठवला, "खऱ्या वारसाला सोडून दे." तुफालखानाने ऐकले नाही. निजामशाही फौज वऱ्हाडात शिरली. लढाई बराच काळ चालली. शेवटी १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले पडले. तुफालखान पकडला गेला.

आता तुम्ही म्हणाल, "बरे झाले, त्या मुलाला गादी परत मिळाली असेल." तसे झाले नाही. मुर्तझाने वऱ्हाड आपल्याच राज्याला जोडून टाकला. ज्याच्या सुटकेसाठी म्हणून ही मोहीम निघाली होती, त्या बुऱ्हाण इमादशाहालाही त्याने तुफालखानाबरोबर कैदेत पाठवले. कैद करणारा आणि कैदी, दोघेही एकाच तुरुंगात गेले. तिथून ते परत आले नाहीत. इमादशाही संपली.

गादी कोणाची, या प्रश्नावरून जगात अशा कितीतरी लढाया झाल्या आहेत. त्यांना वारसाहक्काच्या लढाया म्हणतात. 'वारस' आणि 'हक्क' हे दोन्ही शब्द मराठीत अरबी भाषेतून आले आहेत. तुम्हांला ते घरचेच वाटतील.

घरातल्या माणसाच्या मागे त्याच्या शेताची, घराची, भांड्याकुंड्यांची वाटणी होते. मुलांना हिस्सा मिळतो, मुलींना मिळतो, बायकोला मिळतो. कोणाला किती, हे कायद्याने ठरलेले असते. भांडण झालेच, तर चार शहाणी माणसे बसून किंवा कचेरीत जाऊन ते मिटवता येते. पण तख्ताची वाटणी कशी करणार? शेताचे चार तुकडे केले तरी चारही तुकडे शेतच राहतात. तख्तावर मात्र एकालाच बसता येते. राजाला चार मुले असतील, तर त्यांतल्या तिघांना मोकळ्या हाताने घरी जावे लागते. शिवाय जो गादीवर बसतो, त्याला उरलेल्या तिघांची कायम भीती वाटते. आज ना उद्या कोणी सरदार त्यांच्यातल्या एकाला पुढे करील, ही ती भीती. म्हणून राजघराण्यातील कितीतरी मुलांचे बालपण किल्ल्यांच्या कोठडीत गेले. 'या तख्त, या तख्ता' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. एक तर तख्त मिळेल, नाहीतर मय्यत ठेवण्याची फळी, असा तिचा अर्थ.

हे सारे आपल्याच देशात घडत होते असे समजू नका. आपल्याकडच्या या गोष्टीच्या सुमारे सव्वादोनशे वर्षे आधी युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांत अशीच एक लढाई सुरू झाली. ती थांबत थांबत शंभराहून अधिक वर्षे चालली. तिची हकीकत थोडी सावकाश ऐका, कारण तिच्यातले नातेसंबंध समजले, की आपल्या अहमदनगरची गोष्ट समजणे सोपे जाते.

१३२८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा चार्ल्स मरण पावला. त्याला मुलगा नव्हता. त्याच्या आधी त्याचे दोन थोरले भाऊ राजे होऊन गेले होते. त्यांच्यामागेही मुलगा उरला नव्हता. आता जवळचे दोनच नातेवाईक राहिले. एक होता चार्ल्सच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. दुसरा होता चार्ल्सच्या काकांचा मुलगा, म्हणजे चुलतभाऊ. नात्याने कोण जवळचा? भाचा, असे पुष्कळजण म्हणतील. पण अडचण अशी, की हा भाचा इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड होता! परक्या देशाचा राजा आपल्या डोक्यावर बसवून घ्यायला फ्रान्सचे सरदार तयार नव्हते. त्यांनी सांगितले, "स्त्रीला फ्रान्सच्या गादीवर बसता येत नाही. मग जो हक्क आईला नाही, तो तिच्यामार्फत मुलाला कुठून मिळणार?" त्यांनी चुलतभावाला, म्हणजे सहाव्या फिलिपला, राजा केले.

एडवर्ड त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. तो गप्प राहिला. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या वर्षी त्याने फिलिपपुढे जाऊन त्याला मानही दिला. कारण इंग्लंडच्या राजाची फ्रान्समध्ये गियेन नावाची मोठी जहागीर होती, आणि त्या जहागिरीपुरता तो फ्रान्सच्या राजाचा सरदारच होता. नऊ वर्षे अशीच गेली. मग १३३७ मध्ये फिलिपने ती जहागीर जप्त केली. तेव्हा एडवर्डला एकदम आठवण झाली, की फ्रान्सची गादी खरे तर आपली आहे! १३४० मध्ये त्याने स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणून जाहीर केले. हक्क होता म्हणून युद्ध झाले, की युद्ध करायचे होते म्हणून हक्क आठवला? मला तर दुसरेच खरे वाटते. तुम्ही वर्गात यावर जरूर वाद घाला.

या युद्धातील साऱ्या लढायांची नावे पाठ करण्याची गरज नाही. क्रेसी, प्वातिये आणि आझँकूर या तीन मोठ्या लढाया इंग्रजांनी जिंकल्या. तरीही फ्रान्स त्यांच्या हाती आला नाही. मधल्या काळात दोन्हीकडचे सैनिक फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून फिरत, उभी पिके जाळत आणि धान्याची कोठारे लुटत. गादी पॅरिसची होती, पण किंमत शेतकरी मोजत होता.

१४२० मध्ये मात्र एक विलक्षण तह झाला. तो त्रवा या गावी झाला. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याला वेडाचे झटके येत. त्याच्या नावाने इतरच माणसे कारभार पाहत. या तहात असे ठरले, की चार्ल्सनंतर फ्रान्सची गादी त्याच्या स्वतःच्या मुलाला न मिळता इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याला मिळावी. हेन्रीने चार्ल्सच्या मुलीशी लग्न करावे आणि त्यांच्या वंशाने दोन्ही देशांवर राज्य करावे. सख्ख्या मुलाचा हक्क गेला आणि जावई वारस झाला! नव्वद वर्षांपूर्वी याच फ्रान्सने सांगितले होते, की मुलीच्या बाजूने गादी मिळत नाही. नियम कसा हवा तसा वळवता येतो, ते पाहा.

पुढे १४२२ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने हेन्री आणि चार्ल्स दोघेही वारले. दोन्ही देशांचा राजा म्हणून पाळण्यातले एक बाळ जाहीर झाले. सहावा हेन्री तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. ज्याचा हक्क काढून घेतला होता, तो चार्ल्सचा मुलगा फ्रान्सच्या दक्षिण भागात कसाबसा तग धरून होता. तेव्हा जोन नावाची एक शेतकऱ्याची मुलगी पुढे आली. ती सुमारे सतरा वर्षांची होती. १४२९ मध्ये तिने ओर्लेआँ शहराचा वेढा उठवला आणि त्या राजपुत्राला रँस या गावी नेऊन त्याचा राज्याभिषेक करवला. रँसच का? कारण फ्रान्सचे राजे पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच प्रार्थनामंदिरात पवित्र तेल लावून घेऊन राजे होत. लोकांच्या मनात तिथे अभिषेक झालेला तोच खरा राजा. आपल्याकडे सुलतानाच्या काळी जुम्म्याच्या खुतब्यात ज्याचे नाव घेतले जाई आणि नाण्यावर ज्याचे नाव उमटे, तो खरा सुलतान मानला जाई. प्रत्येक देशाची खूण वेगळी असते. पुढे जोन शत्रूच्या हाती सापडली आणि १४३१ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. पण वारे फिरले ते फिरलेच. १४५३ पर्यंत कॅले हे बंदर सोडून फ्रान्समधला सारा मुलूख इंग्रजांनी गमावला.

पाळण्यातल्या त्या बाळाचे काय झाले? सहावा हेन्री मोठा झाला, पण आजोबांप्रमाणे त्याचेही चित्त ठिकाणावर राहिले नाही. मग इंग्लंडमध्येच त्याच्या घराण्याच्या दोन शाखा एकमेकींवर तुटून पडल्या. १४५५ पासून १४८५ पर्यंत ही भाऊबंदकी चालली. तिला गुलाबांची युद्धे म्हणतात. नाव किती नाजूक, आणि युद्धे किती क्रूर! हेन्रीला १४७१ मध्ये लंडनच्या किल्ल्यात मारण्यात आले.

आता परत दख्खनमध्ये येऊ या. नरनाळा जिंकणारा मुर्तझा निजामशाह तुम्हांला आठवत असेल. पुढे त्याचाही स्वभाव बिघडला. तो वर्षानुवर्षे महालाबाहेर पडेना, कोणाला भेटेना. लोक त्याला 'दिवाणा' म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याचा मुलगा मीरान हुसेन याने बापाला हमामखान्यात कोंडले आणि खालून आग पेटवून त्याचा जीव घेतला. मीरान हुसेनलाही गादी लाभली नाही. वर्षही पुरे झाले नाही, तोच १५८९ मध्ये त्याचा वध झाला. ही सारी हकीकत फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने फारसीत लिहून ठेवली आहे. तो त्या काळी अहमदनगरलाच नोकरीला होता. या गोंधळानंतर तो विजापूरला निघून गेला. त्यातच शहाणपण होते!

गादी पुन्हा रिकामी झाली. मुर्तझाचा एक भाऊ होता बुऱ्हाण. (नरनाळ्याचा कैदी बुऱ्हाण वेगळा आणि हा वेगळा. या गोष्टीत नावे फार सारखी आहेत, तेव्हा सांभाळून वाचा.) गादीसाठी भाऊ आपल्यावर उठेल, या भीतीने मुर्तझाने त्याला कैदेत ठेवले होते. तो निसटला, पळाला आणि फिरत फिरत उत्तरेत बादशहा अकबराच्या आश्रयाला गेला. त्याचा मुलगा इस्माईल मात्र दख्खनमध्येच राहिला होता. सरदारांनी या इस्माईलला गादीवर बसवले. तो बारा-तेरा वर्षांचा होता. खरी सत्ता जमालखान या सरदाराच्या हाती आली. तुफालखानाची गोष्ट वाचलेल्या तुम्हांला हे नवे वाटणार नाही.

पण एक गोष्ट नवी आहे. बापामागून मुलगा गादीवर येतो, हे जगाला माहीत आहे. इथे बाप जिवंत असताना मुलगा सुलतान झाला, आणि त्या मुलाच्या हातून गादी घ्यायला बाप निघाला! बुऱ्हाणाचे म्हणणे असे, की मी मृत सुलतानाचा भाऊ; माझा मुलगा माझ्यानंतर. नात्याच्या हिशेबाने ते चूक नव्हते. पण जमालखानाला गादीवर मोठा माणूस नको होता. लहान मुलगा सांगितले तिथे शिक्का उमटवतो. मोठा माणूस प्रश्न विचारतो.

अकबर म्हणाला, "माझी फौज घेऊन जा." बुऱ्हाणाने नको म्हटले. मोगलांची फौज बरोबर दिसली, तर दख्खनचे लोक बिथरतील, हे त्याने ओळखले होते. तरी मदत तर हवीच होती. ती त्याला खानदेशचा सुलतान राजे अलीखान याच्याकडून मिळाली. राजे अलीखानाची राजधानी बुऱ्हाणपूर. तिथली जामा मशीद त्यानेच बांधली. या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. कधी बुऱ्हाणपूरला गेलात तर तो अवश्य पाहा.

बुऱ्हाणपूरहून अहमदनगरकडे जाणाऱ्या फौजेला पूर्णा नदीचे खोरे ओलांडून घाट चढावा लागे. घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड हे गाव आहे. हे गावही आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात आहे. सोनाळ्याहून ते नैर्ऋत्येला पडते. आज तिथे खुदावंदखान महदवी या सरदाराने १५८२ च्या सुमारास बांधलेली जुनी मशीद पाहायला मिळते. गाव लहान, पण जागा मोक्याची. घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात दख्खनच्या दाराची कडी. याच रोहिणखेडला १४३७ मध्ये बहमनी फौजेने खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला होता.

१५९१ चा मे महिना होता. वऱ्हाडातला मे महिना कसा असतो, हे तुम्हांला सांगायला नको. जमालखान नुकताच विजापूरच्या फौजेला हरवून आला होता. तो इस्माईलला बरोबर घेऊनच रोहिणखेडकडे धावला. त्याचे सैनिक शूर होते, पण उन्हाने आणि तहानेने हैराण झाले होते. शिवाय बुऱ्हाण हाच खरा वारस, असे मानणारे कितीतरी सरदार वाटेतच जमालखानाला सोडून गेले. तशातही त्याने जोराचा हल्ला चढवला. लढाई रंगात आली असताना एक गोळी त्याला लागली आणि तो ठार झाला. पुढारी पडताच फौज पांगली. इस्माईल बापाच्या हाती सापडला. बुऱ्हाणाने मुलाला कैदेत टाकले आणि अहमदनगरला जाऊन तो स्वतः गादीवर बसला.

रोहिणखेडच्या मैदानावर त्या दिवशी बाप जिंकला. मुलगा हरला असे म्हणावे का? त्या मुलाला कोणी विचारलेच कुठे होते?

बुऱ्हाण निजामशाहाने चार वर्षे राज्य केले. अकबराला वाटले होते, हा आपला उपकार स्मरून आपल्याला मान देईल. त्यासाठी त्याने आपल्या दरबारातला प्रसिद्ध कवी फैजी याला वकील म्हणून अहमदनगरला धाडले. बुऱ्हाणाने गोड बोलून त्याला परत पाठवले. अकबर हे विसरला नाही.

१५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा दुसरा मुलगा इब्राहीम गादीवर आला आणि चारच महिन्यांत विजापूरकरांशी लढताना मारला गेला. यानंतर अहमदनगरात जे घडले, त्याला तोड नाही. एका गादीवर एकाच वेळी चार हक्कदार उभे राहिले. इब्राहीमचा मुलगा बहादूर हा अगदी तान्हा होता. त्याच्या पाठीशी त्याच्या आजोबांची बहीण चांदबिबी उभी राहिली. मियाँ मंजू नावाच्या वजिराने अहमद नावाचा एक मुलगा पुढे केला आणि तो राजघराण्यातलाच आहे असे सांगितले. लवकरच लोक बोलू लागले, की हा मुलगा राजघराण्यातला नाहीच! हबशी सरदार इखलासखान याने मोती नावाचे तिसरेच मूल शोधून आणले. आणि आहंगखान या दुसऱ्या हबशी सरदाराने विजापूरच्या बाजूने शाह अलीला बोलावून घेतले. हा शाह अली निजामशाही घराण्यातला, पण सत्तर वर्षांचा म्हातारा. एक तान्हा, दोन पोरे आणि एक आजोबा! वाचताना हसू येते, पण ज्या शहराच्या रस्त्यांवर या चौघांचे सैनिक एकमेकांना कापत होते, तिथल्या माणसांना हसू आले नसेल.

मियाँ मंजूला इखलासखानाने किल्ल्यात घेरले. घाबरून मंजूने एक पत्र लिहिले. ते अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याला होते. मुराद तेव्हा गुजरातेत होता. पत्राचा मतलब एवढाच, की लवकर या आणि मला वाचवा. मोगल अशाच निमंत्रणाची वाट पाहत होते. इंग्लंड-फ्रान्सच्या गोष्टीतही हेच घडले होते. फ्रान्सच्या सरदारांत दोन तट पडले, त्यांतला एक तट इंग्रजांना मिळाला, आणि त्रवाचा तह झाला. घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलावले, की तो रिकाम्या हाताने परत जात नाही.

मुराद, त्याचा सेनापती खानखानान आणि राजे अलीखान अशी मोठी फौज १५९५ च्या डिसेंबरात अहमदनगरला येऊन थडकली. तोवर मंजूने इखलासखानाला हरवलेही होते! आता त्याला आपल्या पत्राचा पस्तावा झाला. पण उपयोग काय? किल्ला चांदबिबीच्या हवाली करून तो आपल्या अहमदला घेऊन विजापूरकडे निघून गेला.

चांदबिबी ही हुसेन निजामशाहाची मुलगी, म्हणजे मुर्तझा आणि बुऱ्हाण यांची बहीण. विजापूरच्या अली आदिलशाहाशी तिचा विवाह झाला होता. पतीच्या मृत्यूनंतर तिने विजापुरात लहान इब्राहीम आदिलशाहाच्या वतीने कारभार पाहिला होता. म्हणजे लहान राजाच्या नावाने राज्य कसे सांभाळायचे, हे तिला ठाऊक होते. तुफालखान आणि जमालखान यांच्यासारखीच तीही एका मुलाच्या नावाने लढत होती. पण तिने त्या मुलाची गादी स्वतःसाठी मागितली नाही. मोगलांनी सुरुंग लावून तटाला मोठे खिंडार पाडले. चांदबिबी स्वतः हत्यार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली. दिवसभर शत्रूला आत येऊ दिले नाही आणि रातोरात ते खिंडार बांधून काढले. सकाळी मोगल पाहतात, तो तट पुन्हा उभा!

किल्ला पडत नाही, हे मुरादला कळले. आत धान्य संपत आले आहे, हे चांदबिबीला कळले. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. बहादूरला मियाँ मंजूने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अडकवून ठेवले होते. त्याला अहमदनगरचा सुलतान म्हणून मोगलांनी मान्यता दिली. आणि त्याच्या बदल्यात अहमदनगरने काय द्यायचे? वऱ्हाड.

सगळा वऱ्हाड! सातपुड्याच्या पायथ्याची ही गावे, पूर्णेकाठची काळी जमीन, नरनाळा, गाविलगड, अचलपूर, बाळापूर, सारे काही. सातपुड्यापासून पुष्कळ लांब असलेल्या एका किल्ल्यात चौघांपैकी कोणी राजा व्हावे यावरून भांडण झाले आणि त्याची किंमत म्हणून वऱ्हाड मोजून दिला गेला.

सोनाळ्याच्या परिसरात १५६० च्या सुमारास जन्मलेला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. तो चौदा वर्षांचा असताना इमादशाही बुडाली आणि तो निजामशाहीचा रयत झाला. तिशी ओलांडली तेव्हा रोहिणखेडच्या लढाईची बातमी त्याच्या कानावर आली. छत्तिसाव्या वर्षी तो मोगल बादशहाचा रयत झाला. तो गाव सोडून कुठे गेला नाही, तरी तीन राज्यांत राहून झाला! दर वेळी सारा भरायचा खजिना बदलला, नाण्यावरचे नाव बदलले, खुतब्यातले नाव बदलले. फौजा आल्या की घोड्यांना वैरण लागे, हत्तींना चारा लागे, माणसांना जोंधळा लागे. तो कोणाच्या खळ्यातून जाई, हे सांगायला हवे काय?

तह झाला, तरी किल्लेदारांनी लगेच किल्ले सोडले नाहीत. नरनाळा आणि गाविलगड मोगलांच्या हाती यायला १५९८ उजाडले. मुरादने बाळापूरजवळ शाहपूर नावाची वस्ती वसवून तिथे तळ ठेवला. अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची नोंद आहे, आणि त्यात नरनाळा हे एक सरकार, म्हणजे एक जिल्हाच, म्हणून दाखवले आहे. रोहिणखेडला बुऱ्हाणाच्या मदतीला आलेला राजे अलीखान १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला.

बहादूरला दिलेला शब्दही फार दिवस टिकला नाही. १६०० मध्ये शाहजादा दानियाल नवी फौज घेऊन अहमदनगरवर आला. आता लढण्यात अर्थ नाही, मुलाला वाचवून तह करावा, असे चांदबिबीला वाटू लागले. ती मोगलांना फितूर झाली, अशी आवई उठली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केले. ऑगस्ट महिन्यात किल्ला पडला. बहादूरला दूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले.

तरीही निजामशाही संपली नाही. मलिक अंबर या हबशी सरदाराने त्याच वर्षी परांड्याला नवा सुलतान उभा केला. तो कोण होता, माहीत आहे? सत्तर वर्षांच्या त्या शाह अलीचा मुलगा, दुसरा मुर्तझा. मलिक अंबरने पंचवीस वर्षे मोगलांशी झुंज दिली. पुढे १६३३ मध्ये दौलताबादही मोगलांनी घेतले, तेव्हा शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही घराण्यातील आणखी एक लहान मूल शोधून काढले आणि पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवले. तीन वर्षे त्यांनी त्याच्या नावाने राज्य चालवले. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर ते मूल मोगलांच्या स्वाधीन करावे लागले.